'द लाँग विंटर' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या 'द लाँग विंटर' या कादंबरीबद्दल पालक, शिक्षक आणि मोठेपणी हे पुस्तक पुन्हा हाती घेतलेले वाचक जे प्रश्न सतत पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न पुस्तक न वाचलेल्यांसाठी आहेत. पुढच्या उत्तरांत कथानक उघड होतं.

हे पुस्तक नेमकं कशाबद्दल आहे?

1880–81 चा हिवाळा. अमेरिकेच्या डाकोटा टेरिटरीत (आजच्या साउथ डाकोटा राज्यात) डी स्मेट नावाचं नवंकोरं गाव. रेल्वेमुळे वसलेलं, वस्ती जेमतेम ऐंशीच्या घरात. ऑक्टोबरातच पहिलं हिमवादळ येतं आणि मग एप्रिलपर्यंत वादळामागून वादळ. रेल्वे बंद पडते, कोळसा संपतो, रॉकेल संपतं, पीठ संपतं. आई, वडील आणि चार मुली असं इंगल्स कुटुंब या सात महिन्यांतून कसं तगतं, एवढीच गोष्ट आहे. रहस्य नाही, खलनायक नाही. थंडी, भूक आणि रोज तेच ते काम. मुलांच्या पुस्तकात उपासमार इतक्या सरळपणे फार क्वचित लिहिली जाते, आणि म्हणूनच मी हे पुस्तक लोकांच्या हातात देत असते.

लेखिका कोण? ही त्यांची स्वतःचीच गोष्ट आहे का?

हो. लॉरा यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1867 रोजी विस्कॉन्सिनमध्ये पेपिनजवळ झाला. पुस्तकातली लॉरा म्हणजे त्याच. हिवाळा सुरू होताना तेरा वर्षांची, संपताना चौदा. मात्र पुस्तक प्रसिद्ध झालं 1940 मध्ये, म्हणजे लेखिका त्र्याहत्तर वर्षांच्या असताना, आणि ते 'मी'ने नव्हे तर 'लॉरा' असं तृतीयपुरुषी लिहिलेलं आहे. ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे, आत्मचरित्र नव्हे. हा फरक पुढच्या बऱ्याच उत्तरांत कामाला येईल.

हस्तलिखिताचं नाव 'द हार्ड विंटर' असं होतं. मुलांना ते फार उदास वाटेल म्हणून प्रकाशकांनी बदललं. 1941 मध्ये पुस्तकाला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला.

मालिकेतली आधीची पुस्तकं वाचायलाच हवीत का?

नाही. मालिकेतलं हे सहावं पुस्तक असलं तरी एकटं उभं राहतं. मेरी ही थोरली बहीण अंध आहे आणि कुटुंब बरीच वर्षं पश्चिमेकडे सरकत इथवर आलं आहे, एवढं माहीत असलं की पुरे.

कोणत्या वयाच्या मुलांना द्यावं? आठ वर्षांची मुलगी घाबरेल का?

स्वतः वाचणार असेल तर दहाच्या पुढे. मोठ्यांनी वाचून दाखवणार असाल तर आठव्या वर्षीही चालेल. कुटुंबातलं कोणी मरत नाही, हे आधीच सांगून टाकलं तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. मुलं वादळांना घाबरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्यांना अस्वस्थ करतो तो मधला भाग, जिथे सगळेच सुस्त आणि चिडचिडे झालेले असतात आणि वडिलांची बोटं थंडीने इतकी ताठरतात की त्यांना फिडल (व्हायोलिन) वाजवता येत नाही. तोवर प्रत्येक संकटात त्या फिडलने घर सावरलेलं असतं. ते प्रकरण रात्री झोपताना वाचू नका, दिवसा वाचा.

तपमान फॅरनहाइटमध्ये आहे. पुस्तकात उणे चाळीसचा उल्लेख येतो तेव्हा आकडेमोडीची गरज नाही. उणे 40 ला दोन्ही मापं सारखीच असतात.

हिवाळा खरंच इतका भीषण होता, की गोष्टीसाठी फुगवला आहे?

खरंच होता. त्या भागातले जुने लोक त्याला पुढे कित्येक वर्षं 'हार्ड विंटर' किंवा 'स्नो विंटर' म्हणत. ऑक्टोबर 1880 च्या मध्यावरचं हिमवादळ नोंदलेलं आहे. जानेवारी 1881 च्या सुरुवातीला बंद पडलेली रेल्वे थेट मे महिन्यात डी स्मेटला पोचली, हेही नोंदलेलं आहे. सगळा बर्फ वितळू लागला तेव्हा मिसूरी नदीला इतका पूर आला की व्हर्मिलियन गावाचा बराचसा भाग वाहून गेला आणि नंतर गाव वरच्या कड्यावर नव्याने वसवावं लागलं. बार्बरा मेज बूस्टेड या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी या हिवाळ्याचा जुन्या नोंदींवरून अभ्यास केला आहे. कादंबरीतलं हवामान त्या नोंदींशी बरंच जुळतं, असं त्यांचं काम दाखवतं.

पहिल्या वादळानंतरचं एक दृश्य पाहा. पा (पुस्तकात वडिलांना 'पा' आणि आईला 'मा' म्हटलं आहे) बाहेर जातात तर गुरांचा कळप खाली माना घालून निश्चल उभा. श्वासाची वाफ गोठून त्यांच्या तोंडावर, डोळ्यांवर बर्फाची जाड ढेप चढलेली. दिसत नाही, श्वास घेता येत नाही. पा एकेकाच्या तोंडावरचा बर्फ फोडून त्यांना मोकळं करतात. असं काही घरी बसून सुचत नाही. त्यासाठी ते पाहिलेलं असावं लागतं.

रेल्वे होती, मग बर्फ उपसून गाडी का आणली नाही?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि पुस्तकात त्याचं उत्तर इतकं चांगलं आहे की भूगोलाच्या तासाला वापरावं.

पूर्वेकडे मिनेसोटात ट्रेसी गाव होतं. त्या बाजूला लोहमार्ग टेकाड कापून नेलेला होता. मोकळ्या माळावर वारा बर्फ उडवून नेतो, पण असल्या खिंडीत तो साचतो. मजुरांनी फावड्यांनी उपसून दोन्ही काठांवर टाकला की काठ तेवढे उंच होतात, म्हणजे खिंड आणखी खोल. पुढचं वादळ ती नव्या उंचीपर्यंत भरून काढतं. जितकं उपसाल तितकं वाढतं. त्यात दोन वादळांच्या मध्ये उघडीप मिळायची ती एखाददुसऱ्या दिवसाची.

पुस्तकात पूर्वेकडून आलेला रेल्वेचा एक बडा अधिकारी हुकूम सोडतो की बर्फाचा नांगर लावलेलं इंजिन भरधाव आत घुसवा. इंजिन घुसतं आणि रुततं. त्याच्या उष्णतेने भोवतीचा बर्फ वितळतो, मग ते पाणी गोठतं, आणि इंजिन बर्फाच्या लादीत बंद होतं. शेवटी कंपनी वसंतापर्यंत प्रयत्नच सोडून देते.

गवत जाळून घर कसं गरम राहणार? आणि तो बटणाचा दिवा काय आहे?

कोळसा संपला. माळरानावर लाकूड नाही. उरलं दलदलीच्या कडेचं उंच, राठ गवत, जे पा यांनी उन्हाळ्यात जनावरांसाठी कापून ठेवलेलं असतं. सुटं गवत टाकलं तर क्षणात भडकून संपतं. म्हणून मूठभर गवताला घट्ट पीळ घालायचा, तो दुमडून पुन्हा पिळायचा आणि टोक आत खोचायचं. झाली गवताची काठी. लॉरा आणि पा घराला जोडलेल्या थंड पडवीत उभे राहून अशा काठ्या वळत बसतात. गवताच्या धारेने हात कापले जातात. काठ्या वळून होतात जवळपास त्याच वेगाने जळून जातात, म्हणून कोणीतरी सतत पिळत राहावंच लागतं. घर 'गरम' असं राहत नाहीच. स्वयंपाकघर तेवढं जगण्यापुरतं ऊबदार, बाकी खोल्या सोडून दिलेल्या.

गवत आणणं हेही जीवघेणंच. दलदलीत दाट गवत बर्फाखाली दबलेलं असतं आणि त्याच्यात पोकळ्या राहतात. वरून सपाट दिसणारा बर्फ घोड्याच्या वजनाने कोसळतो आणि घोडा थेट गळ्यापर्यंत आत. पा दर वेळी खणून, उतार करून घोड्याला बाहेर काढतात.

दिवा मा यांच्या कल्पनेतून येतो. बटण चिंधीच्या मध्यभागी ठेवून चिंधी वर गोळा करून दोऱ्याने बांधायची. त्या चिंधीच्या टोकाची वात होते. गाडीच्या आसाला लावायचं वंगण तिला चोळायचं आणि ती वंगणाच्या बशीत उभी करायची. मुलांनी करून पाहायचं असेल तर वंगणाऐवजी खोबरेल घ्या, आणि मोठ्यांनी जवळ बसा.

रोज खात काय होते?

शेवटी शेवटी गहू, आणि थोडे बटाटे. पीठ नव्हतं, पेरणीसाठी ठेवलेला गहू होता. गिरणी नाही, म्हणून तो कॉफीच्या बिया दळायच्या छोट्या हातयंत्रात दळायचा. एका वेळी त्यात मूठभर दाणे मावतात, त्यामुळे दिवसभर पाळीपाळीने कोणी ना कोणी ते फिरवतच असे. मेरीला दिसत नाही, पण हे काम ती पूर्ण करू शकते, आणि ते तिला किती महत्त्वाचं वाटतं हे लेखिकेने अगदी कमी शब्दांत दाखवलं आहे. मा पीठ आंबवून त्याचा पाव करत. ज्या घरी जातं आहे किंवा होतं, तिथल्या मुलांना एकदा वाटीभर गहू हाताने दळायला लावा. पुढची प्रकरणं वेगळी वाचली जातील.

दोन तरुण गव्हाच्या शोधात माळरानावर जातात, ते खरं आहे का?

अल्मान्झो वाइल्डर आणि कॅप गार्लंड ही दोन्ही खरी माणसं, आणि गावासाठी गहू आणण्याची ती फेरीही खरी. अल्मान्झो पुढे लॉरा यांचे पती झाले (लग्न 25 ऑगस्ट 1885). कॅप 1891 मध्ये मळणीयंत्राच्या बॉयलरच्या स्फोटात गेला.

कादंबरीत ऐकीव माहिती एवढीच असते की गावापासून वीसेक मैलांवर कोणा वसाहतकऱ्याने गहू पिकवला आहे. रस्ता नाही, खूण नाही, वादळ कधीही येईल. बर्फातून वर येणारा धूर दिसतो म्हणून घर सापडतं. ते 60 बुशेल गहू आणतात. गव्हाचा एक बुशेल सुमारे 27 किलो, म्हणजे साधारण 16 क्विंटल. ऐंशी माणसांत वाटला तर माणशी वीस किलो. बेरीज करून पाहिली की कळतं, गाव किती काठावर होतं.

अंतर, संवाद, परतीच्या वाटेवरचा थरार हे सगळं शब्दशः घडलं असं समजू नका. तो भाग लॉरा यांनी स्वतः पाहिलेला नाही, ऐकलेला आहे.

दुकानदार लॉफ्टस वाईट माणूस आहे का?

घाबरलेला आणि हावरा, दोन्ही. गहू आणायला पैसे त्याचेच, 1.25 डॉलर बुशेलमागे. जीव धोक्यात घालणाऱ्या दोघांनी वाहतुकीचे पैसे घेतलेले नाहीत, आणि लॉफ्टस भाव लावतो 3 डॉलर. लोक खवळतात, लुटालुटीची भाषा होते. पा त्याला शांतपणे समजावतात की तू हवा तो भाव लावायला मोकळा आहेस, पण हिवाळा संपणार आहे आणि मग आम्हीही कुठे खरेदी करायची ते ठरवायला मोकळे असू. लॉफ्टस नमतो आणि घेतल्या भावाने देतो. मग ज्याच्या घरी जितकी खाणारी तोंडं, तितकं वाटप होतं.

माझ्या मते पुस्तकातलं हे सर्वांत महत्त्वाचं प्रकरण. या मालिकेची ख्याती 'स्वतःच्या बळावर जगणारं कुटुंब' अशी आहे. प्रत्यक्षात गाव वाचतं ते वाटून खाल्ल्यामुळे.

खऱ्या आयुष्यातलं काय गाळलं आहे?

सर्वांत मोठी गाळणूक म्हणजे जॉर्ज आणि मॅगी मास्टर्स हे जोडपं. तो अख्खा हिवाळा ते आपल्या तान्ह्या बाळासह इंगल्सांच्याच घरी राहत होते. 1930 च्या सुमारास लिहिलेल्या 'पायोनियर गर्ल' या लॉरा यांच्या आत्मकथनात हे स्पष्ट आहे. जॉर्ज कामाला पुढे होत नसे आणि ताटावर मात्र आधी बसे, अशी त्यांची कडू आठवण होती. कादंबरीत त्यांना घ्यायला लॉरा यांनी ठाम नकार दिला. स्वार्थी पाहुणे आले की गोष्ट चिडचिडीची होते, आणि चांगले दाखवावेत तर खोटं होतं. कुटुंब एकटं ठेवल्याने वादळाचा वेढा जाणवतो. कादंबरीकार म्हणून हा निर्णय मला पटतो. फक्त वाचकाने लक्षात ठेवावं की त्या काठ्यांच्या उबेत आणि त्या पावात आणखी तिघं वाटेकरी होते.

'पायोनियर गर्ल' त्या काळी नाकारलं गेलं होतं. ते 2014 मध्ये टीपांसह प्रसिद्ध झालं.

अल्मान्झोचं वय जुळत नाही. चूक आहे का?

चूक नाही, बदल आहे. पुस्तकात तो एकोणीस वर्षांचा आहे आणि जमीन मिळवण्यासाठी एकवीस सांगतो, कारण 1862 च्या होमस्टेड कायद्यानुसार 160 एकरांसाठी अर्ज करायला एकवीस पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख असावं लागे. खऱ्या अल्मान्झोंची जन्मतारीख 13 फेब्रुवारी 1857 अशी दिली जाते, म्हणजे ते लॉरा यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. बालवाचकांसाठी हे अंतर कमी केलं आहे.

मेरी अंध कशामुळे झाली?

मालिकेत कारण दिलं आहे स्कार्लेट फीव्हर. 2013 मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखाने जुनी पत्रं आणि बातम्या तपासून विषाणूजन्य मेनिंगोएन्सेफलायटिस, म्हणजे मेंदू आणि त्यावरच्या आवरणाचा दाह, ही जास्त संभाव्य शक्यता मांडली. नोव्हेंबर 1881 मध्ये, म्हणजे या हिवाळ्यानंतर काही महिन्यांतच, मेरी आयोवातल्या व्हिंटन इथल्या अंधांच्या शाळेत दाखल झाली.

पुस्तकं खरं तर मुलगी रोझने लिहिली, असं ऐकलं. खरं का?

रोझ वाइल्डर लेन या स्वतः नावाजलेल्या लेखिका होत्या. त्यांनी आईची हस्तलिखितं टंकलिखित केली, संपादली, प्रसंगांची मांडणी बदलली. 1993 मध्ये एका चरित्रकाराने रोझ याच खऱ्या लेखिका असल्याचा दावा केला. पण लॉरा यांची हस्तलिखितं आणि दोघींची पत्रं शिल्लक आहेत. ती वाचली की दिसतं ते दोघींचं सहकार्य, आणि अनेकदा भांडण. मास्टर्स जोडप्याबद्दलचा निर्णय (वर 'काय गाळलं आहे' पाहा) लॉरा यांचा होता.

हेच ते 'शाळकरी मुलांचं हिमवादळ' का?

नाही. ते 12 जानेवारी 1888 चं, सात वर्षांनंतरचं. उबदार सकाळी अचानक आलेल्या त्या वादळात दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यात घरी परतणारी बरीच शाळकरी मुलं होती. गोंधळ होतो कारण या पुस्तकातही मुलं शाळेतून परतताना वादळात वाट चुकतात. लॉरा गावाच्या अगदी टोकाच्या हॉटेलच्या कोपऱ्यावर धडकते म्हणून सगळी वाचतात. पाऊलभर बाजूने गेली असती तर पुढे नुसतं माळरान.

मूळ रहिवाशांचं चित्रण आज खटकतं. मुलांना काय सांगावं?

लपवू नये, आणि त्यासाठी पुस्तकही टाळू नये.

या पुस्तकात एक वृद्ध आदिवासी दुकानात येऊन गोऱ्या लोकांना सावध करतो की यंदा सात महिने मोठा बर्फ पडणार. दर सातवा हिवाळा कडक, आणि तीन साती एकवीस झाली की सर्वांत कडक. पा ऐकतात, आणि शेतावरचं घर सोडून कुटुंबाला गावात हलवतात. म्हणजे त्या माणसाच्या ज्ञानाने कुटुंब वाचतं. पण त्याला नाव नाही, त्याची भाषा तुटक, ठरीव साच्याची आहे, आणि इशारा देऊन तो गोष्टीतून निघून जातो. त्याच्या लोकांनी तो हिवाळा कसा काढला, हे पुस्तक विचारत नाही. मुलांसमोर हाच प्रश्न ठेवा. आणि हेही सांगा की सरकार जी जमीन 'फुकट' वाटत होतं ती आधी डाकोटा लोकांची होती आणि करार करून, त्यांना मागे रेटून घेतलेली होती.

मालिकेतली इतर पुस्तकं यापेक्षा जास्त खटकणारी आहेत. 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' कॅन्ससमध्ये ओसेज लोकांच्या भूमीवर घडतं. या चित्रणामुळेच अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने 2018 मध्ये लॉरा यांच्या नावाच्या पुरस्काराचं नाव बदललं. पुरस्काराला कोणाचं नाव द्यायचं आणि पुस्तक वाचायचं की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्या संघटनेने पुस्तकांवर बंदी घातलेली नाही.

टीव्ही मालिकेत हा हिवाळा आहे का?

1974 ते 1983 या काळातली मालिका मुख्यतः मिनेसोटातल्या वॉलनट ग्रोव्ह गावात घडते आणि पुस्तकांपासून बरीच दूर जाते. तिच्यात ही कादंबरी शोधू नका.

आम्ही मिनिआपोलिसला असतो. डी स्मेटला काय पाहता येईल?

गाडीने चारेक तासांवर आहे. आदल्या हिवाळ्यात कुटुंब राहिलं ते रेल्वे सर्वेक्षकांचं घर, वडिलांनी 1887 मध्ये बांधलेलं घर, आणि गावाबाहेरची त्यांची जमीन, जिथे त्यांनी लावलेली कॉटनवुडची झाडं आहेत. हा हिवाळा ज्या इमारतीत काढला ती मात्र आता नाही. आईवडील, मेरी आणि धाकट्या बहिणी कॅरी व ग्रेस यांच्या कबरी गावातच आहेत. पा यांची फिडल पाहायची असेल तर मिसूरीतल्या मॅन्सफील्डला जावं लागेल, लॉरा यांच्या घराच्या संग्रहालयात. आणि डी स्मेटला उन्हाळ्यात जा.

अल्मान्झोकडे स्वतःचा गहू होता. मग तोच का दिला नाही? मुलगा या प्रश्नावर अडून बसला आहे.

मुलाचं बरोबर आहे, अडायलाच हवं. अल्मान्झोने बियाण्याचा गहू खोट्या भिंतीमागे लपवलेला असतो. पा यांना ते कळतं, ते सरळ भिंतीतली गुडदी काढून बादलीभर गहू घेतात आणि पैसे देऊ करतात. मग वाइल्डर बंधूंच्या टेबलावर बसून पॅनकेक खातात. इंगल्सांच्या घरी उपासमार आहे हे अल्मान्झोला तेव्हाच कळतं, आणि त्यातूनच त्या फेरीचा विचार पुढे येतो. त्याचा हिशेब असा, की आपलं बियाणं गावाने खाल्लं तर वसंतात पेरायचं काय? ते वाचवायचं असेल तर दुसरीकडून गहू आणलाच पाहिजे. त्यासाठी तो जीव धोक्यात घालतो.

पण ज्या वसाहतकऱ्याकडून तो 60 बुशेल आणतो, त्यानेही तो गहू बियाण्यासाठीच ठेवलेला असतो. तो आधी साफ नाही म्हणतो. गावात माणसं उपाशी आहेत, बायका-पोरं आहेत, असं पुन्हा पुन्हा सांगून आणि भाव वाढवून त्याला राजी केलं जातं. म्हणजे अल्मान्झो स्वतःचं बियाणं राखतो आणि दुसऱ्याला त्याचं मोडायला लावतो. कादंबरी त्याला सरळ नायक मानते आणि यावर थांबत नाही. मला वाटतं तो शूर आहे आणि या बाबतीत न्याय्य नाही, दोन्ही एकदम. ज्या घरात बियाणं मोडून खाण्याची वेळ कधी आली असेल, तिथल्या आजी-आजोबांनाही हा प्रश्न विचारून पाहा. त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं असू शकेल.